वादळ यायच्या आधी एकदा वर बघा

मंडळी, उन्हाळा सरता सरता आमच्या खानदेशात वावधान सुटतंच. वीस वर्षं त्याची बातमी मी जवळपास त्याच शब्दांत लिहितोय: पत्रे उडाले, झाडं पडली, केळी आडवी झाली, वीज गुल. दुसऱ्या दिवशी पंचनामा. तिसऱ्या दिवशी सगळं विसरलं.

धुळीचं वादळ म्हटलं की आपल्याला सुचतं एवढंच, खिडक्या लावा आणि डोळे सांभाळा. धूळ वाईटच आहे. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडची धूळ अरबी समुद्रावरून थेट मुंबईपर्यंत आली, गाड्यांवर पांढरा थर बसला. अशा दिवशी दम्याच्या पेशंटनी, म्हाताऱ्यांनी, लहान मुलांनी घरातच थांबावं. बाहेर पडावंच लागलं तर मास्क लावा.

पण वादळात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगावर काहीतरी पडून. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात मिळून शंभरावर माणसं गेली. कित्येक जण झोपेतच, भिंती आणि छपरं अंगावर येऊन. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. १७ जीव गेले. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० चं. यात वाऱ्याचा दोष किती?

हे वादळ येतं कसं? तापलेल्या दुपारनंतर ढग भरतात. ढगातली थंड हवा एकदम खाली येते आणि जमिनीवर आपटून धूळ लोटत पसरते. म्हणून आधी धूळ, मग पाऊस. आपल्या हातात फक्त काही मिनिटं असतात. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं, तो मोबाईलवर बघत चला. गाडीवर असाल तर डांबरी रस्ता सोडून पूर्ण खाली उतरा. झाड, खांब, होर्डिंग यांच्यापासून लांब. चारचाकी उभी केली की दिवे बंद करा. नाहीतर मागचा तुमचे लाल दिवे बघून रस्ता इकडेच आहे असं समजतो आणि येऊन ठोकतो.

आता आपल्या चौकाकडे बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स बांबूला सुतळीने बांधलेत. त्याच्याच खाली भाजीवाल्या मावश्या बसतात. फ्लेक्स कोणत्याही पक्षाचा असो, पडताना तो खाली कोण आहे ते विचारत नाही.

म्हणून एक काम करा. घरच्या पत्र्यांचे हूक या रविवारीच आवळून घ्या. आणि चौकातल्या होर्डिंगला परवानगी आहे का, सांगाड्याची तपासणी कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी माझा अर्ज टाकतोय, तुम्हीही टाका. एका अर्जाला कोणी विचारत नाही, पन्नास आले तर साहेब खुर्चीतून उठतात.

पोच घ्यायला मात्र विसरू नका.