चाकांचा शेजारधर्म

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि आमच्या इतवाऱ्यातील रिक्षाही दारोदारी उभ्या राहिल्या. मोटारवाल्यांच्या संघटना आपल्याकडे जुन्या. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासूनची. परंतु त्या दोन वर्षांत मला खरा आधार वाटला तो भाड्याने चाके हाकणाऱ्यांचा.

२०२१ साली प्राणवायूसाठी हाहाकार उडाला असता भोपाळचे रिक्षाचालक जावेद खान यांनी पत्नीचा दागिना विकून रिक्षात प्राणवायूची टाकी बसविली व रुग्णांना विनामूल्य पोहोचविले. नागपूरचे प्यारे खान एकेकाळी रिक्षा चालवीत, पुढे मालवाहतूकदार झाले. त्यांनी सुमारे ८५ लाख रुपये पदरचे खर्चून प्राणवायूचे टँकर इस्पितळांकडे धाडले.

आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यांची चूल तेव्हा मंदावलेली होती. तरी माझ्या सासूबाईंना इस्पितळात नेताना त्यांनी भाडे घेतले नाही. “माई, हिशेब मागाहून पाहू,” एवढेच म्हणाले. तो हिशेब अजून व्हायचा आहे. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम अशा चालकांच्या आजारपणासाठी दरवर्षी बाजूला काढावी, असे मनापासून वाटते.