संगतीचा राखणदार

विनोद विसंगतीतून जन्मतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. बीबीसीवरील 'मॉन्टी पायथन'चे १९७४चे चौथे पर्व पाहताना त्या सूत्राची दुसरी बाजू आम्हांस जाणवते. आधीच्या तिन्ही पर्वांत प्रत्येकी १३ भाग होते. येथे अवघे ६. नावातून 'फ्लाइंग सर्कस' गळले, आणि संचातून जॉन क्लीझ. माँगोल्फिए बंधूंच्या बलूनवरचा पहिला भाग कल्पक आहे. क्लीझ यांच्या लेखणीचे अंशही या पर्वात आहेत. उणीव भासते ती त्यांनी रंगवलेल्या, नियमांवर गाढ श्रद्धा असणाऱ्या ताठ, संतापी साहेबाची. तो नसला की सारेच विक्षिप्त, आणि विक्षिप्तपणाने आपटावे अशी भिंतच उरत नाही. विसंगतीलाही संगतीचा एखादा कट्टर राखणदार लागतो.