हिमांतलें सूर्यफूल

सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे पाहत फिरतें, हें लहानपणीं ऐकलेलें वाक्य आपण सारे निमूटपणें खरें मानून चालतों. पुढें कधींतरी कळतें कीं, ही निष्ठा कोवळ्या वयापुरतीच असते. पुरतें उमललेलें सूर्यफूल एकदां पूर्वेकडे तोंड करून जें थांबतें तें कायमचें. मला हें कळलें तेव्हां वाईट वाटण्याऐवजीं थोडें हायसेंच वाटलें. प्रौढपणीं मान कमी वळते हा अनुभव माझाही आहे. परंतु माझ्या परसांत एक सूर्यफूल असें आहे कीं, त्याला दहांहून अधिक वर्षें झालीं तरी तें अजून मान फिरवीत आहे, आणि तेंही गुडघाभर हिमांत उभें राहून.

मी राहतों तें व्हरमाँट हें राज्य अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, सुमारें ४४ अक्षांशांवर आहे. आमच्या वाईला डिसेंबरांतल्या अगदीं लहान दिवशींही सूर्य दुपारीं क्षितिजापासून ४८ अंशांवर चढतो. इथें तो २२ अंशांवरूनच माघारी वळतो आणि नऊ तास पुरे होण्याच्या आंत आपलें दुकान आवरतो. अशा कृपण सूर्याकडून जास्तींत जास्त वसूल करावें, या व्यापारी बुद्धीनें २०१४ सालीं मीं परसांत सोलर ट्रॅकर उभारला. एका जाड पोलादी खांबावर चोवीस सोलर पॅनेलांची चौकट. एक मोटार ती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरविते, दुसरी वर-खालीं कलविते. एका जागीं खिळलेल्या पॅनेलांपेक्षां असा ट्रॅकर वर्षाकांठीं साधारणतः तीस टक्क्यांच्या आसपास अधिक वीज देतो. उन्हाळ्यांत उरलेली वीज कंपनीच्या वहींत आपल्या नांवावर जमा होते आणि हिवाळ्यांत ती उपयोगी पडते. एकूण व्यवहार सरळ होता.

थंडीचें आणि या यंत्राचें वैर असावें अशी माझी समजूत होती; ती खोटी ठरली. पॅनेलांना ऊन हवें असतें, ऊब नको असते. तीं तापूं लागलीं कीं दर अंशामागें त्यांची शक्ति सुमारें ०.४ टक्क्यानें उणी होते. उलट शून्याखालीं वीस अंशांच्या कडाक्यांत, निरभ्र आकाशाखालीं आणि भोंवतीं पसरलेल्या शुभ्र हिमाच्या उजेडांत, दुपारच्या घटकेला तीं अशी कांहीं उत्साहानें काम करतात कीं, माणसानें त्यांच्यापासून शिकावें.

खरी पंचाईत हिमाची. रात्रीं हा ट्रॅकर आकाशाकडे तोंड करून आडवा निजतो. वारा फार झाला तर दिवसाही निजतो, म्हणजे वाऱ्याला धक्का मारायला त्याची छाती सांपडत नाहीं. परंतु हिमवादळ येतें तें वारा आणि हिम दोन्ही बरोबर घेऊनच. वाऱ्याला भिऊन आडवा झालेला हा गडी मग हिमाच्या पांघरुणाखालीं सांपडतो. त्याच्या सुमारें चाळीस चौरस मीटर अंगावर फूटभर भुसभुशीत हिम सांचलें, तर तेंही टनाच्या घरांत जातें. सकाळीं वारा पडला कीं तो हळूहळू उठूं लागतो. पुरेसा उभा झाला कीं सारें पांघरूण एकदम घसरतें आणि धप्प असा आवाज करून त्याच्या पायाशीं पडतें. शेजाऱ्यांच्या छपरांवरचीं स्थिर पॅनेलें त्या वेळीं पांढऱ्या गोधडींत गाढ झोपलेलीं असतात. तो आवाज ऐकून मला थोडा दुष्ट आनंद होत असे, हें कबूल केलें पाहिजे.

याच राज्यांतल्या जेरिको गांवीं विल्सन बेंटली नांवाचा एक शेतकरी होऊन गेला. त्यानें १८८५ सालीं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचें छायाचित्र घेतलें आणि पुढें १९३१ सालीं मरण येईपर्यंत पांच हजारांवर हिमकण टिपले. त्याला एकेका कणाचें सौंदर्य दिसलें. माझ्या वांट्याला आला तो त्यांचा ढीग. त्या ढिगाची हकीगत पुढें येईलच.

२०१८ च्या ऑक्टोबरांत माझे वडील, अण्णा, वाईहून आमच्याकडे आले. आई वर्षापूर्वीं गेली होती आणि वाड्यांत ते एकटे उरले होते. शाळेंत गणित शिकविण्यांत त्यांची हयात गेली होती. पहाटे कृष्णेवर स्नान, उगवत्या सूर्याला अर्घ्य आणि मग चहा हा त्यांचा क्रम मला कळूं लागल्यापासून मीं चुकलेला पाहिला नव्हता. पावसाळ्यांत सूर्य दिसत नसे, तरी घाट आणि देवळें आपापल्या जागीं असत. पूर्व कोठें आहे हें त्यांना कोणाला विचारावें लागत नसे. इथें नोव्हेंबर लागला, शँप्लेन सरोवरावर ढगांचें छत पसरलें, आणि दहा-बारा दिवस सूर्य म्हणून दृष्टीस पडला नाहीं. खिडकीबाहेर सारें एकरंगी. अण्णांनीं प्रथम तांब्या भरून ठेवणें सोडलें, मग लौकर उठणें सोडलें. “कुणाला देऊं?” एवढेंच ते म्हणाले. एके दिवशीं त्यांनीं माझ्या पत्नीला वार विचारला, आणि तासाभरानें पुन्हां तोच प्रश्न विचारला. ज्यांना तिथि-नक्षत्रासह दिवस तोंडपाठ असे, त्यांच्या तोंडून हें ऐकून माझ्या पोटांत खड्डा पडला. मी त्यांना सुखासाठीं आणलें होतें, आणि त्यांची दिशाच काढून घेतली होती.

नंतर एका सकाळीं ते खिडकीशीं बराच वेळ उभे असलेले मला दिसले.

“अरे, तें यंत्र कुणाकडे पाहतें आहे?”

“सूर्याकडे, अण्णा.”

“सूर्य आहे कुठें?”

“तें सूर्याला पाहत नाहीं. तारीख, वेळ आणि आपले अक्षांश-रेखांश यांवरून या घटकेला सूर्य कुठें असला पाहिजे याचा हिशेब करतें, आणि तिकडे वळतें.”

अण्णा कांहीं वेळ गप्प राहिले. मग कित्येक दिवसांनीं त्यांच्या चेहऱ्यावर हंसूं आलें. “म्हणजे पंचांगच कीं रे तें!”

दुसऱ्या दिवशीं सात वाजतां मी उठून पाहतों तों अण्णा स्नान करून, ताम्हन पुढें ठेवून, ट्रॅकरचें तोंड होतें त्याच दिशेला तोंड करून उभे होते. आठवडाभरांत त्यांनीं कागद-पेन्सिल मागून घेतली आणि यंत्राच्या हिशेबाचा ताळा सुरू केला. ट्रॅकर सलग फिरत नाहीं. थोडा थांबून, थोडा वळून पुढें जातो. “तुझें यंत्र एखाद-दुसरा अंश आळशी आहे,” असा अभिप्राय त्यांनीं जेवतांना दिला. त्या दिवशीं ते पोळी मागून जेवले.

याच सुमारास ट्रॅकरची देखभाल करणारा कारागीर येऊन गेला. त्याचा सल्ला निर्दोष होता. हिवाळ्यांत सूर्याची फेरी आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत एवढीच. तिच्या पाठलागांत लाभ थोडा. ढगाळ दिवशीं तर उजेड साऱ्या आकाशांतून येतो, त्यामुळें वळण्यानें कांहींच साधत नाहीं. शिवाय गारठ्यानें वंगण घट्ट होतें आणि दांत्यांना त्रास होतो. तेव्हां मार्चपर्यंत तोंड दक्षिणेकडे करून, चांगला उभा करून, फिरणें बंद करावें. मीं नकार दिला आणि कारण सांगितलें नाहीं. परदेशी माणसें हट्टी असतात अशी त्यानें समजूत करून घेतली असावी.

त्याचा सल्ला जानेवारींत मला आठवला. प्रत्येक वादळानंतर पायाशीं पडणारा हिमाचा ढीग मीं “उद्यां काढूं” म्हणून राहूं दिला होता. मध्यें दोन दिवस उबारा आला, ढीग भिजला, आणि पुन्हां कडाका पडून त्याचा दगड झाला. दुपारी ट्रॅकर नैर्ऋत्येकडे वळून उभा होऊं लागला आणि त्याची खालची कड त्या दगडांत रुतली. मोटार कण्हली आणि थांबली. बाहेर उणे वीस. मी आणखी एकदां “उद्यां” म्हणालों.

उद्यांची सकाळ झाली तेव्हां ट्रॅकर नैर्ऋत्येकडेच तोंड करून अडकला होता. अण्णा मात्र त्याच्याकडे पाठ करून, आग्नेयेच्या कोपऱ्यांतल्या कपाटासमोर उभे राहून अर्घ्य देत होते. त्यांना आतां यंत्राची गरज उरली नव्हती. अर्घ्य आटोपल्यावर ते मला म्हणाले, “बिचारा काल दुपारचाच सूर्य पाहतो आहे. जा, सोडव त्याला.”

फावडें आणि पहार घेऊन मी दोन तास तो बर्फ फोडीत होतों. अण्णा खिडकींतून हातानें खुणा करीत होते. माझा एक घाव चुकून पॅनेलावर बसला आणि कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर पसरली. तें पॅनेल पुढें बदलावें लागलें. वर्षभराचा सारा अधिक लाभ, मला वाटतें, त्या एका घावांत गेला. शेवटीं कड मोकळी झाली, चौकट हलली, आणि ट्रॅकर सावकाश वळत वळत सूर्याच्या जागेवर येऊन थांबला. आकाशांत अर्थातच ढग होते.

मार्चच्या अखेरीस अण्णा परत गेले. “पाडवा आला. नवें पंचांग आणायला हवें,” एवढेंच कारण त्यांनीं सांगितलें. मीं आग्रह केला नाहीं.

तो कारागीर अजून दर हिवाळ्यापूर्वीं तोच सल्ला देतो, आणि तो अजूनही बरोबर आहे. मी अजूनही ट्रॅकर बंद करीत नाहीं. फरक एवढाच कीं, हिम पडलें कीं चहापूर्वीं अर्धा तास फावडें घेऊन त्याच्या पायाशीं जातों. हाताला घट्टे पडले आहेत. विजेच्या हिशेबांत त्यांना रकाना नाहीं. काम आटोपून मी अण्णांना फोन लावतों. इथें सकाळचे सात, वाईला संध्याकाळचे साडेपांच.

“आज कुठें पाहतें आहे तुझें यंत्र?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी खिडकीशीं जातों. बाहेर पांढऱ्यावांचून कांहीं नसतें.

“आग्नेयेकडे, थोडें पूर्वेला झुकून.”

“बरोबर आहे,” अण्णा म्हणतात. त्यांनीं हिशेब आधींच करून ठेवलेला असतो.