मैदान सोडल्यानंतरचे आंदळकर

हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या गाजलेल्या कुस्त्यांवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. त्या कुस्त्या मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण त्या रंगवून सांगणारे आमच्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात गावोगाव आहेत. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलं. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. एका जिल्ह्यातले दोन गडी आणि पदकं चार. पुढे १९६४ चा अर्जुन पुरस्कार आणि त्याच वर्षीचं टोकियो ऑलिंपिक. २०१८ मध्ये आंदळकर गेले तेव्हा सगळीकडे हीच यादी छापून आली.

पण लढणं संपल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरं घडवली, त्याला त्या यादीत जेमतेम एखादी ओळ मिळाली. मी पोरांना कुस्ती शिकवतो. माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम तिथलंच आहे. त्यांच्या हाताखालच्या दादू चौगुलेंनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली आणि १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेतलं. मग दादूमामा स्वतः वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. पुनवतमधून निघालेली विद्या तीन पिढ्या चालली, ती कुणीतरी रोज पहाटे आखाड्यात उभं राहून शिकवली म्हणून.

आपल्याकडे मोठा समज आहे की चांगला लढला तो चांगला शिकवणारच. गेल्या वर्षी एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन तालमीत आले. पहिलाच प्रश्न, "वस्ताद, तुमच्या नावावर गदा हाय का एखादी?" नाही, म्हटलं. माझ्या नावावर गदा नाही; पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराची मान आखाड्यात दुखावलेली नाही, आणि याचा मला अभिमान आहे. मुलगा गुणी होता. पोरगं डावखुरं, डावा पाय पुढे टाकून उभं राहणारं. मी उजव्या पायावर लढलो, त्यामुळे माझा पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, त्याला जसाच्या तसा देता येत नव्हता. सगळा डाव आधी मला स्वतःच्या अंगात उलटा करून बघावा लागायचा. एकेरी पट काढताना तो मातीकडे बघायचा. नजर खाली गेली की पाठ वाकते, मान पुढे येते, आणि वरचा गडी तीच मान दाबून पालथं घालतो. नजर समोर, डोकं समोरच्याच्या बरगडीला चिकटलेलं, गुडघा त्याच्या दोन पायांच्या मध्ये. एवढं अंगात मुरायला महिने जातात आणि ते गावातल्या मैदानात कुणाला दिसत नाही.

पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग लिस्बन या फुटबॉल क्लबच्या औरेलियो परेरांनी आयुष्यभर असंच न दिसणारं काम केलं. खेळाडू म्हणून त्यांचं मोठं नाव झालं नाही, पण फिगो आणि रोनाल्डोसारखी पोरं त्यांनी पारखली. रोनाल्डो बाराव्या वर्षी मदेरा बेटावरून लिस्बनला आला. आपल्याकडे परेरांनाही कुणीतरी विचारलं असतं, तुमचे गोल किती?

आता माती की गादी. हा विषय निघाला की मला थांबता येत नाही, आणि वाचकांना थोडं तांत्रिक ऐकावं लागेल. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. गडी खाली बसला, हातागुडघ्यांवर गेला तरी काही बिघडत नाही; तिथं तो दम घेतो, समोरच्याचं वजन तोलतो, वाट बघतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. वर्तुळाबाहेर ढकललं की एक गुण, खाली पाडून मागं गेलं की दोन, पाठ दाखवायला लावली की दोन, मोठी फेक असेल तर चार. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. म्हणजे मातीत खाली जाण्याची किंमत शून्य आणि गादीवर दोन गुण. आमची पोरं राष्ट्रीय स्पर्धेत हरतात ती बहुतेक या सवयीपायी. ताकदीला ती कमी नसतात. दुसरीकडे, धीर आणि समोरच्याचं अंग वाचायची अक्कल मातीइतकी गादी शिकवत नाही. म्हणून लहान वयापासून दोन्ही हवं. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. तरी सभांमधून अजून एक बाजू परंपरा म्हणून ओरडते आणि दुसरी ऑलिंपिक म्हणून. मुलींनी हा गुंता आपसूक सोडवला आहे. त्यांना जुन्या तालमीत जागाच नव्हती, म्हणून बऱ्याच जणी थेट गादीवर तयार झाल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती तुंगच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा पहिल्यांदाच गादीवर लढले आणि सहावे आले. तिथं रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना शिकवलं. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. पण हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपला कुणी अधिकारी जवळ नव्हता. वस्ताद कशाला लागतो, हे कुणी विचारलं की मी हा प्रसंग सांगतो.

आणि आंदळकरांच्या ग्रीको-रोमन सुवर्णाचं मला अजून नवल वाटतं. त्या प्रकारात कमरेखाली धरायचं नाही, पायाचा वापर करायचा नाही. पट, टांग, ढाक यांवर वाढलेल्या मातीतल्या गड्याची निम्मी कुस्ती तिथं बाद होते. तरी ते जिंकले. स्वतःची घडलेली कुस्ती सोडवून पुन्हा वेगळी बांधता येणारा माणूसच दुसऱ्याच्या अंगात कुस्ती बांधू शकतो, असं माझं मत आहे. मोतीबागेत त्यांनी वेगवेगळ्या हाडापेराची पोरं उभी केली, त्याचं मूळ मला जकार्तात दिसतं.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याचं वजन एक्कावन्न किलो होतं आणि वडिलांना तो चव्वेचाळीसच्या गटात हवा होता, म्हणजे गडी हलके मिळतील. मी नाही म्हटलं. इतक्या झटपट उतरवलेलं वजन म्हणजे मुख्यतः अंगातलं पाणी. आणि वाढत्या वयात उपाशी ठेवलं तर वाढीलाच मार बसतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम जादा वजनासाठी बाद झाली, तेव्हा घराघरात लोक हळहळले. तेच लोक आपल्या पोराला स्वेटर घालून उन्हात पळवतात. दुसऱ्या आठवड्यात मुलगा दुसऱ्या तालमीत गेला.

श्रावणात एका मैदानात तो दिसला. गाल बसलेले. पट काढताना अजून मातीकडेच बघत होता आणि त्याला उजव्या पायावर उभं केलं होतं. मी त्याच्या आताच्या वस्तादांना फोन केला, पोरगं डावखुरं आहे, त्याला डाव्या पायावर लढू द्या म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून बदल केला. वजनाचं मात्र ते म्हणाले, "बापाशी तुम्हीच बोला." दिवाळीत तालीम चार दिवस बंद असते, तेव्हा मुलाच्या घरी जाणार आहे.