रातांधळं

जीवनसत्त्व हा शब्द आमच्या गावात शाळेच्या पुस्तकातून आला. त्याच्या आधी गावाकडं दुसरे शब्द होते. बाळंतीण पांढरीफटक पडली की बाया म्हणायच्या, 'हिच्या अंगात रगत न्हाई.' पोराचं तोंड आलं की त्याला ताक पाजायचं. म्हाताऱ्याच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या की वाताचं दुखणं समजायचं. आणि दिवस मावळला की ज्याला दिसेनासं होई, त्याला रातांधळं झालं म्हणत. नावं होती, थोडेफार इलाजही होते. कशामुळं होतं, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात रातांधळं आमच्या घरात आलं. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात. १९७१ चा पाऊस बेताचाच झाला होता, १९७२ चा झालाच नाही. पेरलेलं उगवलं नाही आणि उगवलेलं टिकलं नाही. दिवाळीच्या आतच आबांनी दोन गाया आणि म्हैस बाजारात नेऊन जी किंमत येईल तिला दिल्या. दावणीला एक बैलजोडी तेवढी राहिली. दूध संपलं, ताक संपलं, शिंक्यावरचं लोण्याचं गाडगं पालथं झालं. दादा आणि चुलता पाझर तलावाच्या कामावर जात. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर मिलो मिळायचा. ती अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. पण त्या मिलोनं माणसं जगवली, हे आजही मी कुणाजवळही कबूल करीन. पोट भरत होतं. भाकरीबरोबर मात्र मीठ-मिरचीशिवाय काही नव्हतं. पालेभाजी उगवायला ओल लागते आणि ओल कुठंच नव्हती.

आई तेव्हा दिवसांत होती. सातवा महिना लागला होता. मी नऊ वर्षांचा. पाणी भरायचा वेळ तेव्हा रात्रीचा असे. दिवसभर उपसलेल्या विहिरीच्या तळाला रात्री थोडा झरा पाझरायचा. बाया कंदील घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि वाटीवाटीनं हंडा भरायच्या. अवघडलेली असली तरी आई जायचीच, कारण एका घराला एकच पाळी असे आणि ती हुकली तर दुसऱ्या दिवशी घरात पाणी नाही.

एका रात्री खालच्या पायरीवर आईचं पाऊल चुकलं. मागं चुलती होती. तिनं दंड धरला म्हणून आई वाचली. हंडा तेवढा गडगडत खाली गेला आणि चेपला. घरी आल्यावर आजीनं विचारलं, "काय गं, पाय कसा घसरला?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घसरला न्हाई आत्याबाई. पायरीच दिसली न्हाई. दिवस मावळला की समदं काळं हुतंय."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासनं."

म्हणजे महिनाभर ती भिंतीला हात लावून चुलीपाशी जात होती, ताटं चाचपून वाढत होती, आणि घरात कुणाला काही बोलली नव्हती. आजारी आहे म्हणायला त्या वर्षी कुणाला सवड नव्हती.

आजीनं दुसऱ्या दिवशी मावळतीला तिला अंगणात उभं केलं आणि हात पुढं करून विचारलं, "बोटं किती?" आईला हातसुद्धा दिसला नाही. आजी एवढंच म्हणाली, "रातांधळं हाय. काळीज खायला पायजे."

आता आमचं घर माळकरी. आबांची पंढरीची वारी चुकलेली नाही. आजीच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. घरात अंडंसुद्धा येत नसे. आई माहेरी खात होती, पण लग्न होऊन आल्यापासून तिनंही सोडलेलं. त्या घरात शेळीचं काळीज शिजवायचं म्हणजे काय, हे आज शहरात वाढलेल्या वाचकाला कळणं अवघड आहे. आबा म्हणाले, "दुसरं औषद बघा." आजी त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय. तिच्या पोटातल्या लेकराच्या न्हाई." आबा उठले आणि देवळात जाऊन बसले. त्या रात्री ते भजन संपल्यावरही घरी लवकर आले नाहीत.

चुलत्यानं आठवड्याच्या बाजारातून पावशेर काळीज पळसाच्या पानात गुंडाळून आणलं. आजीनं परसात तीन दगड मांडले, शेजारच्या वस्तीवरून कढई मागून आणली आणि स्वतःच्या हातानं ते परतलं. तिनं आयुष्यात कधी मांस शिजवलं नव्हतं. शिजलं की नाही ते तिला कळेना, म्हणून आई पाटावर बसून सांगत होती, "अजून जरा ठिवा." असं दोन-तीन बाजार चाललं. काही गावांत काळजाचा रस डोळ्यात घालत. आजीनं तसलं काही केलं नाही, खायलाच घातलं. पहिल्या वेळेनंतर आठवडा व्हायच्या आत एका संध्याकाळी आई चुलीपासून म्हणाली, "त्या कोनाड्यात काडीपेटी दिसती का बघ रं," आणि मी उठायच्या आत तिची तिनंच घेतली.

पुढं मी शेतकी शाळेत शिकलो, तेव्हा या सगळ्याचा उलगडा झाला. आपल्या डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी असतात. अंधुक उजेडात बघायचं काम त्यांचं. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की दिवसा नीट दिसतं आणि दिवेलागणीला अंधार होतो. लहान पोरांत दुर्लक्ष झालं तर पुढं बुबुळच खराब होतं आणि कायमची नजर जाते. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी हे सत्त्व शोधलं, ते लोण्यात आणि अंड्याच्या बलकात. लोणी! आमच्या शिंक्यावरचं गाडगं पालथं झालं तेव्हा काय गेलं होतं, ते मला त्या वाक्याला कळलं.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की शरीर हे सत्त्व काळजात साठवून ठेवतं. ही साठवण महिनोन् महिने पुरते. म्हणून दुष्काळ पडला पावसाळ्यात आणि आईला दिसेनासं झालं ते संक्रांतीला. त्यात पोटातलं लेकरूही त्याच कणगीतून घेत होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रातांधळं जास्त दिसतं ते त्यामुळंच. शेळीचं काळीज म्हणजे शेळीनं पाला खाऊन केलेली साठवणच. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिच्या आजीनं सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं.

इथं एक सांगायला पाहिजे. हे वाचून कुणी दिवसांतल्या सुनेला काळीज खाऊ घालायला निघू नये. पहिल्या महिन्यांत अ जीवनसत्त्व फार झालं तर ते गर्भाला बाधतं. आता गावोगावी आशाताई आहेत, नर्सबाई आहेत. त्यांना विचारावं. त्या वेळी आमच्याकडं विचारायला कुणी नव्हतं.

पुढच्या मोसमात पाऊस पडला आणि बांधाबांधाला भाज्या फुटल्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरवटा. आजी रोज ओटी भरून आणायची. कोरड्या विहिरीच्या काठावर एक शेवगा होता. त्याचा पाला आम्ही शेळ्यांना टाकायचो आणि शेंगा तेवढ्या खायचो. त्या वर्षापासून त्याचा पाला घरात शिजायला लागला. हिरव्या पाल्यात कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. मात्र ते अंगी लागायला थोडं तेल लागतं. आजी लसणाची फोडणी चवीसाठी द्यायची. ती चवीपेक्षा जास्त काम करत होती.

त्या दुष्काळानंतर बरंच काही झालं. रोजगार हमी आली. २ ऑक्टोबर १९७५ ला बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या मागोमाग अंगणवाड्या आल्या. पोरांना अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचा कार्यक्रम तर देशात १९७० पासूनच होता, पण आमच्या गावापर्यंत तो यायला उशीर लागला. आता नवव्या महिन्यात पहिला डोस एक लाख एककांचा, मग दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस पडतात. माझ्या नातवंडांना ते सगळे मिळाले. रातांधळं हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागतो, हे चांगलंच झालं.

पण सगळंच मिटलं असं नाही. माझा थोरला भाऊ माळकरी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. घरात म्हणाले, वात आहे. तपासलं तर बी-१२ निघालं. हे जीवनसत्त्व धान्यात नसतं, भाजीत नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच ते मिळतं. शाकाहारी माणसाला दूध-ताकाचाच आधार. माझ्या भावाच्या गोठ्यात चार संकरित गाया आहेत. दोन्ही वेळचं दूध कॅन भरून डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं राहतं. आजीच्या काळात दूध विकायची सोय नव्हती म्हणून ताक पोटात जायचं. आता सोय आहे. भावाला इंजेक्शनं दिली, तो बरा झाला. पण ज्याच्या दारात चार गाया उभ्या आहेत त्याला बी-१२ दवाखान्यातून घ्यावं लागतं, ही गोष्ट मला मिलोच्या भाकरीपेक्षा घशाखाली उतरायला जड जाते.

रक्ताचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आमच्याकडं बाजरी आहे, हरभऱ्याचा पाला आहे. दोन्हींत लोह आहे. पण जेवणावर चहा पडतो आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही. जेवताना लिंबू पिळलं तर उलट ते जास्त लागतं. साधी गोष्ट आहे. लिंबाचं झाड दारात आहे आणि लिंबं बाजारात जातात.

पूर्वी खुरपणीला बाया लागायच्या. त्या संध्याकाळी परतताना प्रत्येकीच्या ओटीत तांदुळजा नाहीतर घोळ असायची. आता सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. बाटलीवर तण म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात आमची भाजी आली. फवारा मारणाऱ्याला मी दोष देत नाही. मजुरी परवडत नाही, माणूस मिळत नाही. पण दुष्काळ न पडता भाज्या गेल्या, एवढं खरं.

त्या दुष्काळातल्या लेकराची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, मुलगी आता अंगणवाडीत सेविका आहे. परवा पावसानं उघडीप दिली तेव्हा ती आली. आमच्या शेतात ओढ्याकडंचा एक बांध मी फवारू देत नाही. ती पिशवी घेऊन त्या बांधावर गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "मामा, ही जाड पानाची घोळ का दुसरं काही?" मी जाऊन बघितलं. घोळच होती. तिच्या शेजारी कुर्डू होता, तो तिला ओळखू येत नव्हता. तिनं दोन्ही पानं वेगळी खुडून घेतली, अंगणवाडीच्या बायांना दाखवायला. तिनं विचारलं, "अजून कोणत्या आहेत?" मला अकरा सांगता आल्या. आजीला यापेक्षा पुष्कळ येत होत्या.