शायलॉकची कापलेली वाक्ये

शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवताना शायलॉकचे तिसऱ्या अंकातील प्रसिद्ध भाषण मी मुलांकडून पाठ करून घेत असे. ज्यूचा देहही इतरांसारखाच दुखतो-खुपतो, असे सांगणारे ते भाषण. एका स्नेहसंमेलनात नववीतल्या मुलाने ते म्हटले, तेव्हा पालकांचे डोळे पाणावले. भाषेवरून हिणवले जाण्याचे दुःख आपल्या सीमाभागात कुणाला ठाऊक नाही?

मात्र त्या भाषणाचा शेवट मी कापला होता. कारण ते समतेवर थांबत नाही, सुडापर्यंत जाते. आपल्या दुःखालाच शायलॉक सुडाचा परवाना करतो.

तसा तो धूर्त. तीन हजार डुकॅटचे कर्ज, तीन महिन्यांची मुदत, व्याज नाही. मुदत चुकली तर पौंडभर मांस, आणि हे सारे थट्टेच्या सुरात! पण त्याचे दुःख खोटे नाही. अँटोनिओ त्याच्यावर थुंकलेला आहे. पळून गेलेल्या मुलीने, लग्नापूर्वी लिआने त्याला दिलेली अंगठी एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली, हे ऐकून तो कळवळतो. तिथे आपणही कळवळतो, आणि नेमके तिथेच फसतो.

मी फसलो होतो. नोकरीच्या आरंभी एक सहकारी माझ्या मोडक्या कानडीची नक्कल करून स्टाफरूम हसवीत. वीस वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो आणि मुलीच्या लग्नासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याचा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी हसून चहा पाजला, एक कागद कमी असल्याचे सांगितले. पुढच्या खेपेस दुसरा. सारे नियमाप्रमाणे! शायलॉकही कायद्यावरच बोट ठेवतो.

तिसऱ्या खेपेस ते आले आणि माझ्याशी मराठीत बोलू लागले. अडखळत, लिंगवचन चुकवत. ‘सर, लग्न जवळ आली.’ मला हसू आले नाही. त्या मराठीत मला माझी जुनी कानडी ऐकू आली. मी तिथेच सही केली. माफी मात्र मागितली नाही. ती सल अजून आहे.

न्यायालयात शायलॉकला त्याच कायद्याने नागवले जाते, धर्मही बदलावा लागतो. दयेची भाषा बोलणारेही सूडच घेतात.

यंदाच्या स्नेहसंमेलनात ते भाषण पुन्हा आहे. या वेळी मी एकही वाक्य कापलेले नाही.