खेळाचे नियम कोणाचे?

हैदराबादच्या दिलसुखनगरमध्ये लहान मुलांना कोडिंग शिकवायचं म्हणजे शिकवण्यांच्या गावात शिकवणीहून वेगळं काही करायचं. मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून उतरलं की चैतन्यपुरीच्या दिशेला फलकच फलक दिसतात: ग्रुप-१, ग्रुप-२, डीएससी, बँक, पोलीस भरती, जावा, पायथन आणि शाळकरी मुलांसाठी आयआयटीचं ‘फाउंडेशन’. विजयवाडा रस्त्याने नलगोंडा, सूर्यापेटकडून इथे येऊन, हॉस्टेलच्या एका खाटेवर वर्षं काढून असंख्य मुलामुलींनी नोकऱ्या मिळवल्या आहेत. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या सगळ्या वर्गांच्या मुळाशी एक गृहीत असतं: उत्तर आधीच ठरलेलं आहे, ते कमीत कमी वेळात गाठायचं आहे. परीक्षेसाठी ते बरोबरच आहे. मी मात्र आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना स्क्रॅच या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आज्ञांचे ब्लॉक जोडून खेळ बनवायला शिकवते, आणि तिथे हे गृहीत आलं की शिकणं थांबतं, असं माझं ठाम मत झालं आहे. खेळाचे नियम मुलाने स्वतः ठरवले, तर ते मूल विचार करायला शिकतं. शिक्षकाने दिलेला खेळ पायरीपायरीने उतरवून घेतला, तर ते फळ्यावरचं वहीत उतरवण्यासारखंच राहतं, फक्त वही महाग असते.

याचा पुरावा अगदी सोप्या खेळातही मिळतो. वरून आंबे पडतात, खाली टोपली आहे, बाणांच्या कळांनी ती सरकवायची. शिक्षकाने सांगितलेले ब्लॉक जोडले तर हा खेळ थोड्या वेळात चालू होतो आणि मूल खूशही होतं. तोच खेळ मुलाला स्वतः रचू दिला की अडचणी येतात, आणि प्रत्येक अडचण एक धडा असते. स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच. मध्यबिंदू शून्य, वरची कड १८०, खालची उणे १८०. आंबा खाली गेला की पुन्हा वर न्यायचा, म्हणून मूल अट लिहितं: उंची उणे २०० पेक्षा कमी झाली तर. आंबा तळाशी येऊन अडकून बसतो. स्क्रॅच चित्राला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, त्यामुळे आंबा छोटा असेल तर उणे २०० कधी येतच नाही. पूर्णांक संख्या शाळेत सहावीत भेटतात, निर्देशक भूमिती नववीत. इथे चौथी-पाचवीतलं मूल उणे १७० आणि उणे २०० यांतलं मोठं कोणतं यावर हिरिरीने वाद घालतं, कारण त्याचा आंबा अडकलेला असतो. दुसरी अडचण गुणांची. टोपलीला आंबा लागला तर गुण एकने वाढव, असं सांगितलं तरी एका आंब्याला सात-आठ गुण मिळतात, कारण आंबा टोपलीतून खाली सरकत असताना संगणक ती अट सेकंदाला अनेकदा तपासत असतो. ‘लागला’ ही घटना आपल्याला एक वाटते. यंत्राला ती अनेक क्षणांची रांग दिसते. हा फरक व्याख्येतून समजत नाही. गुण उगाच उड्या मारायला लागले की समजतो.

नियम मुलाचे असले म्हणजे काय होतं, हे सगळ्यात स्पष्ट अष्टाचंग्यात दिसतं. तेलंगणात त्याला अष्टाचम्मा म्हणतात. आपल्याकडे कुठे अष्टाचंगा, कुठे चल्लसआठ. पाच बाय पाचचा पट, चार कवड्या. दिलसुखनगर, मलकपेट, सरूरनगर भागातल्या मराठी घरांतही हा पट माहीत असतो आणि तेलुगू घरांतही, फक्त प्रत्येक घराचे नियम थोडे निराळे. हा खेळ संगणकावर करायला घेतला की मुलांना पहिल्यांदा फाशाचा ब्लॉक आठवतो: एक, दोन, तीन, चार आणि आठ यांतून कोणताही एक आकडा निवड. खेळ चालतो, पण घरच्या खेळासारखा वाटत नाही. चार आणि आठ फार वेळा पडतात, त्यांवर पुन्हा खेळी मिळते, एकच खेळाडू खेळत राहतो. यंत्रात चूक नाही, ब्लॉकही बरोबर आहेत. चूक आहे ती कवड्या म्हणजे काय हे नीट न पाहण्यात. चार कवड्या स्वतंत्रपणे उताणी किंवा पालथी पडतात. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी धरली तर एकूण सोळा तऱ्हा होतात: चारही उताण्या पडण्याची एकच, सगळ्या पालथ्या पडण्याची एकच, दोन उताण्या पडण्याच्या मात्र सहा. म्हणजे आठ सोळांत एकदा पडायला हवं. मुलांच्या ब्लॉकने ते पाचांत एकदा पाडलं. खऱ्या कवड्या टाकून पाहिल्या की उपाय मुलं स्वतःच काढतात: चार वेगवेगळ्या कवड्या टाकायच्या, प्रत्येकीला शून्य किंवा एक, आणि बेरीज करायची, शून्य आलं तर आठ मानायचं. खऱ्या कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात, ही शंकाही मग कुणीतरी काढतंच, आणि ती रास्त आहे. संभाव्यतेचा धडा पुढे कधीतरी पुस्तकात येईल. पण इथे प्रश्न मुलाचा आहे, आणि ‘घरी असं होत नाही’ ही कसोटीही मुलाचीच आहे. उत्तरपत्रिका नाही. मी आयता खेळ दिला असता तर ही तक्रार उठलीच नसती.

यात नवीन काहीच नाही, आणि या विचाराला धक्केही बसून गेले आहेत, ते लपवू नयेत. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो भाषा तयार केली, तेव्हा मूल यंत्राला शिकवताना स्वतःच्या विचाराचाच विचार करू लागेल अशी त्यांची आशा होती. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून पाहिलं, तर वर्षभर लोगो केलेली मुलं कामांचं नियोजन करण्यात इतरांपेक्षा पुढे नव्हती. स्क्रॅच एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २०११ मध्ये इस्राएलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मुलं आराखडा न करता ब्लॉक ओढत, जोडत जातात आणि प्रोग्रॅमचे निष्कारण बारीक तुकडे करतात. माझ्या वर्गातही हे होतं. पण या निष्कर्षांवरून ‘मग खेळ सोडा, पायऱ्या द्या’ असं म्हणणं चुकीचं आहे. त्यांतून सिद्ध होतं ते एवढंच की मुलाला यंत्रासमोर एकटं सोडून चालत नाही. नियम मुलाचा असावा. तो वाक्यात नेमका मांडून घेण्याचं, ‘चुकलं’ याऐवजी ‘काय व्हायला हवं होतं आणि काय झालं’ असं विचारण्याचं काम शिक्षकाचं आहे. अष्टाचंग्याची गणती मुलांना आपोआप सुचत नाही. कवड्या हातात द्याव्या लागतात, टाकून नोंदी करायला लावाव्या लागतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलांच्या हाताला खरं काम होतं आणि बाजूला जाणतं माणूस होतं. माझ्या दृष्टीने कोडिंगच्या वर्गाचा जवळचा नातलग तो आहे, ‘फाउंडेशन’चा वर्ग नव्हे.

पालकांचा पहिला आक्षेप असतो, ब्लॉक म्हणजे खरं कोडिंग नाही. पायथनच्या फलकांखालून रोज जाणाऱ्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत याचाच अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रम, एक वर्ग ब्लॉकवर, दुसरा टाइप करायच्या मजकुरावर, पाच आठवडे. शिकले दोन्ही वर्ग. ब्लॉकवाले अधिक शिकले आणि पुढे संगणक शिकण्याची त्यांची इच्छाही अधिक होती. मजकूरवाल्यांना मात्र आपण खऱ्या प्रोग्रॅमरसारखं काही करतोय असं जास्त वाटलं. नंतर दोन्ही वर्ग जावाकडे वळले तेव्हा दहा आठवड्यांनी फरक उरला नाही. म्हणजे ब्लॉकने कायमची आघाडी मिळत नाही, नुकसानही होत नाही. त्याचा खरा उपयोग स्वल्पविराम आणि कंस यांच्या चुका बाजूला ठेवून मुलाला तर्काच्या चुकीपर्यंत लवकर पोचवण्याचा आहे. हैदराबादेत मराठी घरातलं मूल घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, शाळेत इंग्रजी बोलतं. त्याच्या तर्काची परीक्षा इंग्रजी स्पेलिंगने का घ्यावी?

दुसरा आक्षेप पडद्याचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मोबाइल आधीच हातात आहे, त्यात आणखी खेळ कशाला? याला ‘हा पडदा वेगळा’ एवढं उत्तर पुरत नाही. बराच भाग पडद्याविना करता येतो आणि करायला हवा. एसीएम इंडियाचा सीएसपाठशाळा हा उपक्रम २०१६ पासून कागद, पेन्सिल आणि कोडी वापरून हेच विचार शाळांत नेतो आहे. कवड्यांच्या नोंदी, पटाची आखणी, नियमांची वाक्यं हे सगळं जमिनीवर बसून होतं. संगणक लागतो तो नियम खरंच पुरे पडतात का हे पाहायला. याच कारणाने घरी लॅपटॉप नसलेलं मूलही या वर्गात मागे पडू नये, असं मला वाटतं.

करिअरच्या आशेबद्दलही बोलायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या कोडिंगचा इतका अतिरेकी प्रचार झाला की जाहिरात मानक परिषदेला एका कंपनीच्या पाच जाहिराती मागे घ्यायला सांगावं लागलं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग आणायचं ठरवलं, आणि ‘आपलं मूल मागे राहील’ ही भीती घरोघरी पोचली. ती भीती विकून वर्ग भरवणं मला अन्यायाचं वाटतं. आता उलटी भीती आली आहे: एआय कोड लिहितंय, मग मुलाने कशाला शिकायचं? एआयला ‘अष्टाचंगा बनव’ म्हटलं तर ते खेळ बनवून देईलही. त्यात आठ पाचांत एकदा पडतंय की सोळांत एकदा, हे ओळखायला मात्र कवड्या टाकून पाहिलेलं मूल लागेल.

म्हणून वर्ग पाहायला आलेल्या पालकांना मी तयार खेळांची मांडणी दाखवत नाही. त्यांना एक काम सुचवते. मुलाच्या खेळातला एक नियम तुम्हीच बदलायला सांगा: आंबा सुटला तर गुण कमी व्हावा, किंवा तुमच्या घरी अष्टाचंग्यात सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नसेल, तर तेही घालायला सांगा. मूल लगेच ब्लॉक शोधायला लागलं तर त्याला थांबवा आणि आधी विचारा, हा नियम आला की खेळात आणखी काय काय बदलेल? उतरवून घेतलेल्या खेळात मूल इथे गप्प होतं आणि माझ्याकडे बघतं. स्वतः रचलेल्या खेळात ते तुम्हालाच विचारू लागतं: गुण शून्याच्या खाली गेले तर चालेल का, आणि दोन सोंगट्या एकाच घरात असतील तर कोणती मरते?